शीलाच्या अक्षरातली उपकारस्तुती

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, लिहायची मात्र ही पहिलीच वेळ. आधीच सांगतो – माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. कुणी म्हणेल, तुम्ही ख्रिस्ती, दर रविवारी चर्चला जाता, आणि विश्वास नाही कसं म्हणता? तर देवावर आहे. आजोबांपासून चालत आलेला आहे, तो कुठे जातोय... पण कुणाला स्वप्नात आवाज आला, कुणाचा मुतखडा प्रार्थनेने विरघळला, अशा साक्षी सुरू झाल्या की मी घड्याळाकडे बघणाऱ्यांपैकी. बायको कोपराने ढोसायची तेव्हा सरळ बसायचो. शाळेत सव्वीस वर्षं क्लार्की केलेला माणूस आहे मी. सही-शिक्का बघितल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही.

मी दानियल. धुळ्यात देवपूरला राहतो. चर्चचं नाव देत नाही, उगाच लोक चौकशीला यायचे. तिथे मी अकरा वर्षं मंडळीचा सेक्रेटरी आहे; चर्चच्या सभासदांना आम्ही मंडळी म्हणतो. सेक्रेटरीचं काम म्हणजे सूचना वाचणं, खुर्च्या मोजणं, पंखा बंद पडला की वायरमनला फोन करणं, आणि चिठ्ठ्या वाचणं.

चिठ्ठ्यांचं जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्या चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे. ज्याला प्रार्थनेची गरज असेल तो चिठ्ठी लिहून तिच्यात टाकतो – पोराची परीक्षा, नवऱ्याची दारू, आईचं ऑपरेशन. ही झाली विनंती. आणि ज्याचं काम झालं तो देवाचे आभार मानणारी चिठ्ठी टाकतो. तिला आम्ही उपकारस्तुती म्हणतो. रविवारी मी पेटी उघडतो, दोन गठ्ठे करतो आणि उपासनेत वाचतो. आधी उपकारस्तुती, मग विनंत्या. वाचायला वेळ मिळत नाही म्हणून मीच एक नियम केला होता – कोपऱ्यात ‘वि’ किंवा ‘उ’ लिहा. म्हणजे मला फक्त कोपरा बघून गठ्ठे लावता येतात, मजकूर थेट मंडळीसमोर वाचायचा.

चिठ्ठ्यांचे कागद माझी बायको शीला करायची. शाळेतल्या उरलेल्या प्रश्नपत्रिका मी घरी आणायचो, त्यांची मागची बाजू कोरी असते. ती कात्रीने चौकोन कापून, दोऱ्यात ओवून पेटीपाशी लटकवायची. शिवाय ज्या म्हाताऱ्यांना लिहिता येत नाही त्यांच्या चिठ्ठ्याही तीच लिहायची. अक्षर असं की छापखान्यात द्यावं. सगळं वाक्य आधी लिहून घ्यायची आणि मग वरची रेघ एका दमात ओढायची, शब्दाशब्दाला तोडून. मी चिडवायचो, ‘तू लिहीत नाहीस, कपडे वाळत घालतेस.’

मागच्या पावसाळ्यात शीला बोदवडला गेली होती. तिची धाकटी बहीण रूथ तिथे दिलेली आहे, तिच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. आठवडाभर आधी पोट बिघडलेलं, पण ऐकते कुठे. बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पायांना मुंग्या आल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी मोरीत पडली ती उठलीच नाही. रूथच्या मुलाने गाडीत घालून जळगावला नेलं. मी धुळ्याहून पोचलो तोवर हातही गेले होते. चौथ्या दिवशी श्वास.

डॉक्टर म्हणाले, जीबीएस. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उठते. ‘बहुतेक लोक बरे होतात,’ म्हणाले, ‘पण फार वेळ लागतो, आणि मधे काय काय होईल सांगता येत नाही.’ शीला व्हेंटिलेटरवर गेली. गळ्याला भोक पाडून नळी घातली. वाईट हे की या आजारात माणूस बेशुद्ध नसतो. तिला सगळं ऐकू यायचं, सगळं कळायचं, फक्त पापण्या हलायच्या. एकदा मिटली म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आमचा सगळा संसार तेव्हा त्या दोन शब्दांवर आला होता.

मी हॉस्पिटलच्या बाकावर राहायचो. सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाचला आत सोडायचे, पंधरा-पंधरा मिनिटं. बाकी वेळ बसून राहायचं. थकवा कशाला म्हणतात ते मला तिथे कळलं. पाय दुखणं वेगळं. तिथे एक दिवस असा आला की नर्सने नाव पुकारलं आणि ते आपलं आहे हे मला समजलंच नाही.

मंडळीने मात्र आम्हाला सोडलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. देवपूरला पंधरा घरांनी साखळी प्रार्थना लावली होती – सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत एकेक तास एकेका घराने वाटून घेतलेला. आमच्या गल्लीतल्या बनूअक्का सत्तरीच्या पुढच्या, त्यांनी तर एक वेळचा उपास धरला होता. मी स्वतः प्रार्थना करत नव्हतो. खोटं कशाला बोलू... डोळे मिटले की झोप यायची, आणि झोपेत नळीचा आवाज. मी मनात म्हणायचो, पंधरा घरं करतायत ना, माझी एक नसली तर काय अडलंय. पण त्या साखळीवर माझा जीव टांगलेला होता.

तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. छातीत इन्फेक्शन झालं होतं. ‘चार-पाच दिवस कठीण आहेत. घरच्यांना कळवून ठेवा.’

आणि नेमकं शनिवारी मला धुळ्याला यावं लागलं. रजेच्या कागदावर सही करायची होती, आणि घरातून काही कागदपत्रं आणायची होती. रूथ हॉस्पिटलला थांबली. शाळेतलं काम उरकायला संध्याकाळ झाली, एसटी चुकली. म्हटलं, सकाळी निघू. सकाळी आमच्या पाळकसाहेबांचा, म्हणजे पास्टरांचा, फोन – ‘दानियलभाऊ, इथेच आहात तर उपासनेला या. मंडळीला तुम्हाला बघू द्या.’ पाळकसाहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तरी नाही म्हणता आलं नाही.

गेलो. पेटीची किल्ली माझ्याच जुडग्यात होती. मी नसताना दुसऱ्या किल्लीने पाळकसाहेब उघडत होते, पण मी आलोय म्हटल्यावर त्यांनी गृहीतच धरलं. मी पेटी उघडली, कोपरे बघितले, दोन गठ्ठे केले. विनंत्यांच्या गठ्ठ्यावर आजाऱ्यांची यादी असते, तिच्यात सगळ्यात वर पाळकसाहेबांच्या अक्षरात शीलाचं नाव होतं, तीन आठवड्यांपासून तिथेच.

उपकारस्तुतीच्या चारच चिठ्ठ्या होत्या. पहिल्या तीन वाचल्या. अकरा वर्षांत असं झालंय की माझं तोंड वाचतं आणि डोकं भलतीकडेच असतं. चौथी वाचली –

‘शीला दानियल हिला प्रभूने मोठ्या आजारातून बरे केले. ती स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढून उपासनेला आली. याबद्दल उपकारस्तुती.’

माझं वाचून झाल्यावर मला ते ऐकू आलं.

तोवर मंडळी ‘आमेन’ म्हणाली होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. बायका डोळे पुसत होत्या, मागे वळून दाराकडे बघत होत्या, शीला कुठे बसलीय म्हणून. मी हातातल्या कागदाकडे बघत होतो. शब्दाशब्दाला तोडून, एका दमात ओढलेली रेघ. अक्षर शीलाचं होतं.

मग विनंत्या वाचायच्या होत्या. पहिलं नाव तिचं. ते मला वाचता आलं नाही. दुसऱ्या नावापासून सुरुवात केली. म्हणजे त्या रविवारी, छातीत इन्फेक्शन झालेलं असताना, तिच्या नावाने कुणी प्रार्थना केली नाही, आणि ते मी केलं.

उपासना सुटल्यावर लोकांनी घेरलं. बनूअक्कांनी माझे दोन्ही हात धरले. ‘दानियलभाऊ, शीला घर उनी ना! माले कोणी सांगं बी नही. देवनी ऐकं रे बाबा... आते मी मना उपास सोडस.’ मी हात सोडवून घेतले.

पाळकसाहेबांच्या खोलीत गेल्यावर मी चिठ्ठी टेबलावर आपटली. ‘ही कुणी टाकली? कुणाची मस्करी आहे ही?’

त्यांनी वाचली, चेहरा उतरला. ‘मला वाटलं तुम्हीच काही चांगली बातमी घेऊन आलात. मी तर गीत सांगायच्या नादात...’ मग म्हणाले, ‘ग्रुपवर दुरुस्ती टाकू का? मीच टाकतो.’

‘थांबा. आधी मला हिच्याशी बोलू द्या,’ मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

कागद उलटा केला. सातवीचा भूगोल, पहिली घटक चाचणी. ती चाचणी शीला दाखल झाल्यानंतरची. उरलेल्या प्रतींचा गठ्ठा मी आदल्याच दिवशी ऑफिसच्या कपाटात बघितला होता, मीच कुलूप लावलं होतं. आता तुम्ही म्हणाल, पेपर पोरांच्या घरी जातातच. जातात. चर्चमधली दोन पोरं सातवीत आहेतही. मी त्यावर वाद घालत नाही. पण अक्षर?

दुपारच्या एसटीने निघालो. पारोळा येईपर्यंत फोनवर फुलांचे फोटो सुरू झाले. ‘प्रभूची स्तुती असो.’ ‘वहिनींना सलाम सांगा.’ ‘आमचा चारचा तास आता गल्लीतल्या दुसऱ्या पेशंटसाठी घेतो.’ एकेक घर साखळीतून बाहेर पडत होतं, आनंदाने. एरंडोलच्या पुढे रूथचा फोन आला, रडत होती. ‘भाऊजी, लोकांनी हे काय लावलंय? ताई इथे तापाने फणफणलीय, आणि मला अभिनंदनाचे मेसेज येतायत! सांगा ना त्यांना!’

मी मेसेज लिहिला – ‘चूक झाली, शीला अजून व्हेंटिलेटरवर आहे.’ पाठवायचं बटण दाबलं नाही. बोट तिथेच ठेवून जळगावपर्यंत बसलो.

पाचला आत सोडलं. मी तिच्या कानाशी वाकलो आणि सगळं सांगितलं. लपवायची ताकद नव्हती. चिठ्ठी तिच्या डोळ्यांसमोर धरली.

‘ही तू आधी कधी लिहिली होतीस?’

पापणी दोनदा मिटली. नाही.

‘दुसऱ्या कुणा शीलासाठी?’

नाही.

‘लोकांनी साखळी बंद केलीय, शीला. मी कळवतो सगळ्यांना की चूक झाली. कळवू ना?’

दोनदा.

मला वाटलं तिला समजलं नाही. पुन्हा विचारलं, सावकाश. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा दोनदा, मुद्दाम थांबून. नाही. मला राग आला. हो, आला, कशाला लपवू. ती मरायला टेकली होती आणि तिला कुणी प्रार्थना करायला नको होती. ‘मग करू काय मी?’ मी म्हटलं. नर्सने वेळ संपल्याचं सांगितलं.

बाहेर येऊन मी तो मेसेज पुसून टाकला. पाळकसाहेबांना फोन केला, म्हटलं, शीला नको म्हणतेय. ते म्हणाले, ‘बरं. देवाचे आभार मानून झालेत, ते मागे कशाला घ्यायचे. वाचलंय ते राहू द्या.’ रूथ माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

पुढचे पाच दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. मागे कुणी नव्हतं. फोन वाजायचा बंद झाला, कारण लोकांच्या लेखी आम्ही घरी होतो. म्हणून मग मीच करायला लागलो. प्रार्थना म्हणजे काय, बाकावर बसून नुसतं ‘प्रभू, हिला राहू दे’ एवढंच. सकाळी सहाला सुरू करायचो. मधे डुलकी लागायची, जाग आली की पुन्हा. पंधरा घरांचे पंधरा तास एकट्याने भरायचे म्हणजे... जाऊ दे.

सहाव्या दिवशी ताप उतरला. त्यानंतर आठवड्याने तिने उजवा खांदा उडवला, एवढासा. डॉक्टर खूश झाले. मी त्यांना चिठ्ठीचं सांगितलं नाही. ते म्हणाले, ‘अँटिबायोटिक लागू पडलं. आणि जीबीएस असाच उलटतो, वरून खाली.’ मला ते पटतं. ती बरी झाली याला डॉक्टरांकडे कारण आहे, आणि त्या डॉक्टरांसाठी मी आजही देवाचे आभार मानतो. माझा प्रश्न फक्त कागदाचा आहे.

दोन महिन्यांनी ती व्हीलचेअरवर घरी आली. तेव्हा लोकांना खरं कळलं. काही जण रागावले, त्यांचं चुकलं नाही. मी बनूअक्कांकडे माफी मागायला गेलो. म्हातारी शेंगा निवडत होती, मान वर न करता म्हणाली, ‘तुनं तोंड दखं तवयच समजनं माले. मी उपास सोडाच नही.’ माझं तोंड बघूनच तिला त्या दिवशी कळलं होतं, उपास चालूच होता. मी तिथेच ओट्यावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

घरी व्यायाम चालू होता. रोज सकाळी तिच्या बोटांना तेल लावायचं, चेंडू दाबायला द्यायचा. दोन पावलं, मग मोरीपर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत. आणि एका रविवारी, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने भेटीला आलेल्या रूथला धरून, ती चर्चच्या पायऱ्या चढली. मंडळी उभी होती. मी पुढे नजर ठेवून चाललो, मला कुणाकडे बघवत नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी जपून ठेवलेली चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. तिने बराच वेळ बघितली.

‘अक्षर माझंच आहे,’ म्हणाली. ‘पण मी लिहिलेली नाही. मी कशी लिहिणार?’

मग कागदावरून बोट फिरवत म्हणाली, ‘किती छान लिहायचे ना मी?’

कारण बोटं परत आली होती, पण अक्षर आलं नव्हतं. पेन धरता येत नव्हता. दुरेघी वहीत ती पहिलीच्या पोरांसारखी अक्षरं गिरवत होती, ‘अ’ ओळीच्या बाहेर जायचा. म्हणजे बघा – जी गोष्ट आधी घडलीच नव्हती ती आधी लिहिता आली नसती, आणि घडल्यावर लिहायला ते अक्षरच उरलं नव्हतं. पाळकसाहेबांना विचारलं, रूथला विचारलं, सातवीतल्या दोन्ही पोरांना चॉकलेट देऊन विचारलं. अक्षराची नक्कल कुणी करू शकतं, हेही मी मान्य करतो. पण कोण? आणि का? इथे कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही.

एवढंच सांगायचं होतं, पण एक राहिलं.

त्यानंतर चिठ्ठ्या आधी वाचून बघायचा मी नेम केला होता. काही महिने पाळला. मग पुन्हा जुनी सवय – कोपरा बघायचा, गठ्ठा लावायचा. गेल्या महिन्यात विनंत्या वाचताना एक चिठ्ठी हाती आली. अक्षर वेडंवाकडं, मला वाटलं मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेतल्या कुठल्या तरी लेकराने लिहिलीय. खाली नाव नाही. मी वाचायला लागलो –

‘माझे पती फार थकले आहेत. मी आजारी पडल्यापासून ते नीट झोपलेले नाहीत. त्यांना वाटते मला कळत नाही.’

मला वाटलं, कुणाची बरं बायको ही, बिचारी. मग वर बघितलं. शीला दुसऱ्या रांगेत बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

पुढचं मला वाचता आलं नाही. पाळकसाहेबांनी हातातून कागद घेतला आणि वाचलं – ‘त्यांना शांत झोप लागावी म्हणून मंडळीने प्रार्थना करावी.’ मंडळीने केली. अकरा वर्षं मी दुसऱ्यांची नावं वाचत आलो, माझ्यासाठी कुणी प्रार्थना करताना कसं उभं राहायचं हेच मला कळेना. टेबलाला धरून उभा राहिलो.

घरी येऊन जेवलो आणि आडवा झालो. उठलो तेव्हा गल्लीत दिवे लागले होते. शीला पलंगापाशी खुर्चीत बसली होती, मांडीवर तिची वही.

‘लागली का?’ तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

‘अजून झोपा,’ ती म्हणाली, आणि मी परत झोपलो.